लांबडं सोडून दुसरं कुठलंबी

“दुसरं कुठलंबी आणा, पर ते लांबडं नको,” बनुबाईनं सांगितलं आणि आपली कपबशी उचलून ती आत निघून गेली.

बाहेरच्या खोलीत तिघंही एकमेकांकडे बघत राहिली. मुलगा अमृत, सून रेश्मा आणि नऊ वर्षांची नात संयोगिता. गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी अमृत कुपवाडच्या कारखान्यातून घरी आला, हातपाय धुऊन टेकला, की तिघांची डोकी एका मोबाइलवर जमायची. घरात कुत्रं आणायचं ठरलं होतं. संयोगितानं दोन वर्षं हट्ट सोडला नव्हता. शेवटी रेश्मा म्हणाली होती, चौथीत गेलीस की बघू. पोरगी चौथीत गेली आणि आईला शब्दात धरून बसली.

सांगलीत, विश्रामबागेच्या आतल्या अंगाला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. दुसरा मजला, लिफ्ट नाही. सोसायटीनं परवानगी दिली होती, पण लहान जातीचंच हवं, अशी अट घालून. मग शोध सुरू झाला. पग अमृतला आवडला होता. रेश्मानं वाचून काढलं की त्याचं नाक चपटं, सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये त्याला धाप लागेल. शित्झूचे केस रोज विंचरायचे कुणी? पॉम भुंकतं फार, पण हवा सोसतं. आणि त्या दिवशी संयोगितानं एक फोटो शोधून काढला, तांबूस अंगाचा, लोंबत्या कानांचा, लांबच लांब आणि बोटभर पायांचा डॅशुंड. तिला दुसरं काही नकोच झालं. आजीला दाखवायला म्हणून तिनं मोबाइल पुढं केला, आणि आजी अशी बोलली.

नवल त्याचं होतं. दीड वर्षापूर्वी पाचगणीहून मुलाकडे राहायला आल्यापासून बनुबाईनं कशाबद्दल मत म्हणून दिलं नव्हतं. भाजी कुठली करू विचारलं तर, कुठलीबी कर. टीव्हीवर काय लावू, तर लाव कायबी. पाहुणी असल्यासारखी ती गॅलरीतल्या खुर्चीवर बसायची आणि कुणी हाक मारली की पटकन उठायची.

संयोगिता तिच्या मागोमाग आत गेली. “आजी, का नको? किती गोड आहे.”

“आपल्या जिन्याला चौतीस पायऱ्या हायती. त्या जातीची पाठ लांब. रोज चढून-उतरून मणका सरकतो, मग मागचं पाय वढत चालतंय जनावर. त्याला कशाला तरास?”

“तुला कसं माहीत?”

“म्हाईत हाय,” बनुबाई म्हणाली आणि नळ सोडून कप विसळू लागली. तो कप तिनं बराच वेळ विसळला.

रेश्मानं मोबाइलवर शोधलं. सासू बोलली ते अक्षरशः खरं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. अमृत आणि संयोगिता बाजारात गेल्यावर ती गवारीच्या शेंगा घेऊन सासूसमोर बसली. सासूला ती माहेरच्या रीतीनं आत्या म्हणायची.

“आत्या, तिकडं बंगल्यावर तसलं कुत्रं होतं का?”

“हुतं की. मालकांचं.”

“किती वर्षं?”

“आठ.” बनुबाईनं एक शेंग मोडली, शिरा काढल्या. मग हातातली दुसरी शेंग तशीच राहिली. आणि दीड वर्षात बोलली नव्हती तेवढं ती त्या एका सकाळी बोलली.

पाचगणीच्या त्या बंगल्यावर ती आणि तिचा नवरा जोतीराम राखणदार होते. जोतीराम फौजेतून नाईक होऊन सुटला आणि तिथं लागला. बनुबाई आतलं बघायची, तो बाग आणि फाटक. मालक मुंबईचे. उन्हाळ्यात पंधरा दिवस आणि नाताळात आठवडाभर यायचे, एरवी बंगला या दोघांचाच. मालकांची लेक सोनिया हिनं एका नाताळात मुलांसाठी पिल्लू आणलं. ओंजळीत मावेल एवढं. मुंबईच्या घरात ते रडून रडून शेजाऱ्यांना झोपू देईना, म्हणून पुढच्याच महिन्यात सोनियाताई ते पाचगणीला आणून सोडून गेल्या. “थोडे दिवस ठेवा, बनुबाई,” म्हणाल्या. ते थोडे दिवस आठ वर्षं चालले.

पिल्लाचं नाव मुलांनी मॅक्सी ठेवलं होतं. जोतीरामनं ते तोंडात घ्यायचंच नाकारलं. “मॅक्सी बाया घालत्यात. गड्याला कसलं नाव हाय ते?” पिल्लू छाती पुढं काढून चालायचं, स्वतःच्या दसपट मोठ्या म्हशीवर भुंकायचं आणि म्हैस बाजूला झाली की मान ताठ करून परत यायचं. जोतीराम म्हणाला, हा सुभेदार. स्वतः तो सुभेदार कधी झाला नाही. रोज सकाळी फाटक उघडताना तो कुत्र्याला कडक सॅल्यूट ठोकायचा, आणि बनुबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघून पदर तोंडाला लावून हसायची.

सुभेदाराला स्ट्रॉबेरीचं वेड होतं. खालच्या अंगाला शेत होतं, डिसेंबर लागला की तो कुंपणाखालून पसार व्हायचा आणि लाल तोंड घेऊन परतायचा. दुपारी बनुबाई पायरीवर तांदूळ निवडत बसली की तो यायचा, दोन गिरक्या घ्यायचा आणि तिच्या डाव्या पावलावर बूड टेकून बसायचा. पावलाला मुंग्या यायच्या, पण ती पाय हलवायची नाही. जोतीराम गेला त्या पावसाळ्यात फाटकापाशी बसून बसून सुभेदाराचं अंग भिजायचं. मग ती त्याला उचलून आत आणायची, पुसायची आणि सांगायची, “आता न्हाई रं येत ते.” तसं सांगायला तिला दुसरं कुणी नव्हतं. अमृत सांगलीला, आणि त्याला असलं काही सांगून काळजीत कशाला घालायचं?

पुढं अडीच वर्षांनी बंगला विकला. सोनियाताई गाडी घेऊन आल्या, सामानाची बांधाबांध झाली, आणि शेवटी त्यांनी सुभेदाराला उचलून मागच्या सीटवर ठेवलेल्या पेटीत घातलं. तो जाळीतून बनुबाईकडे बघत होता. पिल्लू असताना आला तेवढाच, एरवी गाडीबिडीत तो कधी बसला नव्हता. आता ही पण बसेल, असं त्याला वाटलं असावं.

“तुम्ही काही म्हणाला नाहीत?” रेश्मानं विचारलं.

“काय म्हणू? कुत्रं त्यांचं.” बनुबाई थांबली. “मागितलं असतं तर दिलं असतं का नसतं, तेवढंच मनात येतंय बघ. भांडी घासताना येतंय. आंगोळीला बसले की येतंय. कुणाचं मानूस गेलं तर लोक येऊन बसत्यात. दुसऱ्याचं कुत्रं गेलं तर रडायचं तरी कुणापुढं?”

शेंगा तशाच राहिल्या. त्या दिवशी बटाट्याची भाजी झाली.

रेश्मानं ते सगळं अमृतला सांगितलं. त्यानं जुन्या मोबाइलमधून सोनियाताईंचा नंबर शोधून काढला. बनुबाईला न सांगता गच्चीवर जाऊन त्यानं फोन लावला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

“आई,” तो तिच्यासमोर खाली बसला. “सुभेदार जिता हाय.”

बनुबाई पुढं सरकून बसली.

“मुंबईत राहिना त्यो. तीन महिन्यांत त्यांनी त्याला वाईला त्यांच्या जुन्या शाळेतल्या बाईंकडं दिला. पद्माबाई म्हणून हायत, एकट्याच असत्यात. तवापासनं तिथंच हाय.”

“वाईला?” घाट उतरला की वाई. म्हणजे ती सांगलीच्या गॅलरीत बसून मुंबईची गर्दी डोळ्यांपुढं आणत होती, तेव्हा तो आपल्याच मुलखात, कृष्णेच्या काठी होता. “आन काय म्हनल्या ताई?”

अमृतनं सांगावं की नको असा क्षणभर विचार केला. मग सांगितलं. “म्हनल्या, बनुबाईंनी मागितला असता तर त्यांनाच दिला असता. मला वाटलं, मुलाकडं चालल्यात, त्यांना अडचण हुईल, म्हणून मी विचारलं न्हाई.”

बनुबाई उठली आणि गॅलरीत गेली. खाली रिक्षावाले एकमेकांशी बोलत होते. ती कितीतरी वेळ कठड्याला धरून उभी होती. संयोगिता तिच्याजवळ जायला निघाली तर रेश्मानं तिला हातानं थांबवलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी अमृत आईला घेऊन पहाटेच्या एसटीत बसला. साताऱ्याला गाडी बदलून दहाच्या सुमाराला दोघं वाईला पोचली. वाटेत बनुबाई एवढंच म्हणाली, “मी हाक मारणार न्हाई त्याला. लांबनं बघायचं आन यायचं. सुखात हाय त्येला कशाला ढवळा?”

पद्माबाईंचं घर नदीपासून दोन गल्ल्या आत होतं. बैठं, पुढं छोटी ओसरी आणि अंगण. ओसरीच्या दोन पायऱ्यांवर कुणीतरी एक फळी तिरकी ठोकून ठेवली होती. ती कशासाठी ते बनुबाईला बघताक्षणी कळलं. ओसरीवर उन्हाच्या पट्ट्यात तो झोपला होता. तोंड पांढरं झालं होतं. अंग सुटलं होतं. बनुबाई फाटकाच्या बाहेरच उभी राहिली आणि तिनं खरंच हाक मारली नाही.

त्यानं आधी नाक वर केलं. मग मान. मग तो उठला, मागचा उजवा पाय किंचित ओढत फळीवरून खाली आला, अंगण ओलांडून फाटकाशी आला. भुंकला नाही. फाटकाच्या खालून त्यानं तिच्या चपला हुंगल्या, साडीचा काठ हुंगला, आणि घशातून असा एक आवाज काढला की अमृतला मान फिरवावी लागली.

“वामन, कोण आहे रे?” आतून पद्माबाई आल्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. फोनवर बोलणं झालेलं असल्यामुळे कोण ते त्यांना माहीत होतं. त्यांनी फाटक उघडलं. सुभेदार बाहेर आला, बनुबाईभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि तिच्या डाव्या पावलावर बूड टेकून बसला. भर रस्त्यात.

बनुबाई हलली नाही. पद्माबाई ते बघत होत्या.

“माझ्या पायावर तो कधी बसला नाही,” त्या हळू म्हणाल्या. मग लगेच, शिकवताना लावत असतील तसा आवाज लावून म्हणाल्या, “हे बघा बनुबाई, तुम्ही त्याला मागायला आला असाल तर मला आत्ताच सांगा. म्हणजे चहा नंतर ठेवीन.”

“न्हाई, बाई. बघायलाच आलेय.”

“नक्की?”

“व्हय. तुमी चहा ठेवा.”

ओसरीवर बसणं झालं. सुभेदार तिच्या मांडीला पाठ लावून पडला होता आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, मणक्याच्या एकेका गाठीवरून, हळूहळू. पद्माबाईंनी सांगितलं, वर्षापूर्वी त्याची पाठ धरली, आठ दिवस उठला नाही, डॉक्टर रोज येत होते. त्या स्वतः खाली जमिनीवर त्याच्याजवळ झोपायच्या. वामन हे नाव त्यांनी ठेवलं. “एवढेसे पाय, आणि तीन पावलांत सगळं घर व्यापून बसला. पंचवीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात काढली मी. इथं आले तर घरात घड्याळाशिवाय आवाज नव्हता.”

“उचलता कसं त्येला?” बनुबाईनं विचारलं.

पद्माबाईंनी पुढच्या दोन पायांखाली हात घालून दाखवलं.

“तसं नगा. मागलं अंग लोंबतंय, पाठीवर भार येतो. ह्यो हात छातीखाली, ह्यो बुडाखाली. पाळण्यात पोर धरल्यागत सपाट ठेवायचं. आमच्या ह्यांनी डॉक्टरकडनं शिकून घेतलं हुतं.” तिनं उचलून दाखवलं, आणि सुभेदार तिच्या हातात होता तसाच डोळे मिटून पडून राहिला. तिनं त्याला खाली ठेवायला वेळ लावला. “आन तुमी करून बघा,” ती म्हणाली आणि त्याला पद्माबाईंच्या हातात दिलं. पद्माबाईंनी दोनदा करून बघितलं.

“स्ट्रॉबेरी देता का?”

“अहो, गेल्या वर्षी टोपली उघडी राहिली तर निम्मी फस्त केली त्यानं. मी घाबरून ओरडले त्याच्यावर.”

“वरडू नगा. दोन-तीन दिल्या तर चालत्यात. त्येचा जीव हाय त्यात.”

पद्माबाईंनी चष्मा खाली घेऊन ते खरोखरच एका कागदावर लिहून घेतलं. कशाला घाबरतो, तेही विचारलं. बनुबाईनं सांगितलं, छत्री उघडताना घाबरतो; कानामागं उलट्या बोटांनी खाजवलं की झोपतो; आणि कुणी खूप वेळ गप्प बसलं की उठून त्यांच्याजवळ येतो. “ते माहीत आहे मला,” पद्माबाई म्हणाल्या. मग त्यांनी कागदाची घडी घातली.

निघताना सुभेदार फाटकापर्यंत आला. बनुबाई बाहेर पडली आणि पद्माबाईंनी त्याला उचललं, एक हात छातीखाली, एक बुडाखाली. तो धडपडला नाही. वळणापर्यंत बनुबाई तीन वेळा मागं वळली आणि तिन्ही वेळा तो तिच्याकडेच बघत होता.

परतीची गाडी उंब्रजला आली. मग अमृत म्हणाला, “आई, मागायचं हुतंस. त्या बाईंनी दिला असता.”

“दिला असता. आन त्या काय करणार? घड्याळ ऐकत बसणार?”

“पर तवा, बंगला विकला तवा तरी का मागितला न्हाईस? मला का सांगितलं न्हाईस?”

बनुबाईनं खिडकीबाहेर बघितलं. उसाच्या ट्रॉल्या ओळीनं चालल्या होत्या. “तू फोनवर म्हनलास, आई, तू ये, पर पसारा आणू नगंस, जागा न्हाई.”

“मी भांड्यांचं म्हणत हुतो गं. त्या जुन्या ट्रंका…”

“व्हय. मला म्हाईत हाय तू भांड्यांचं म्हणत हुतास.” तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “पर मला इचारायचं धाडस झालं न्हाई. तुझा दोष न्हाई त्यात.”

कऱ्हाड गेलं, इस्लामपूरचा फाटा गेला, तरी अमृतनं तो हात गुडघ्यावरून हलू दिला नाही.

महिन्याभरानं घरात कुत्रं आलं. निवडलं ते बनुबाईनं, म्हणजे तिला निवडावंच लागलं. मिरजेच्या एका घरी पॉमची पाच पिल्लं होती. संयोगिता सगळ्यांत गुबगुबीत पिल्लाकडे धावली. बनुबाई खाली बसली आणि अर्धा तास नुसती बघत राहिली. मग तिनं टाळी वाजवली. एक पळालं, दोघं भुंकली, एक झोपूनच राहिलं, आणि एक दचकून थांबलं, विचार केल्यासारखं केलं आणि मग आवाज कुठून आला ते बघायला चालत आलं. “हे घ्या,” ती म्हणाली. “भ्यालं तरी बघाय आलं. घरात असलं बरं.” मादी होती. आई सोडायला अजून आठ दिवस द्या, असंही तिनं त्या लोकांना सांगितलं आणि संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ऐकलं नाही.

पिल्लाचं नाव संयोगितानं साखर ठेवलं. साखरनं पहिल्याच आठवड्यात रेश्माची चप्पल आणि अमृतचा मोजा संपवला. तिचं खाणं किती, कुठं बसवायचं, कधी ओरडायचं आणि कधी दुर्लक्ष करायचं, हे सगळं आता आजीला विचारून व्हायचं, आणि आजी सांगायची. भाजीचंही सांगू लागली. गवार नको, रोज रोज काय गवार, असं ती एकदा चक्क म्हणाली, तेव्हा रेश्मा हसू दाबत आत गेली.

वाईहून परतल्यावर पाचव्या दिवशी पद्माबाईंचा फोन आला होता, तो मात्र बनुबाईनं घरात कुणाला सांगितला नाही.

“बनुबाई, रागावू नका,” पद्माबाई म्हणाल्या. “तुम्ही गेल्यावर तो दोन दिवस जेवला नाही. तीन दिवस फाटकाशी बसून होता. आज कुठं दूध-पोळी घेतली. तुम्ही परत या असं मला म्हणायचंय, पण…”

“कळलं, बाई,” बनुबाई म्हणाली. “न्हाई येत मी. त्याचं वय झालंय. सारखी ताटातूट त्येला सोसायची न्हाई.”

मग पद्माबाई म्हणाल्या, “मी दर रविवारी फोन करीन. चालेल?”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला फोन येतो. बनुबाई मोबाइल घेऊन गॅलरीत जाते आणि दार लोटून घेते. पद्माबाई ओसरीवर बसून मोबाइल फरशीवर ठेवतात, स्पीकर चालू करून, आणि आठवड्याचं सगळं सांगतात. पाठ कशी आहे, काय खाल्लं, कुणावर भुंकला. बनुबाई हूं सुद्धा करत नाही. तिचा आवाज ऐकला तर तो पुन्हा फाटकाशी जाऊन बसेल. पद्माबाईंनाही ते ठाऊक आहे, म्हणून त्या उत्तराची वाट न बघता बोलत राहतात. कधी त्याच्या नखांचा टिकटिक आवाज येतो. कधी तो फोनजवळ येऊन हुंगतो, तेव्हा कानात नुसता श्वास भरतो, ओला आणि जवळचा. अशा वेळी बनुबाई आपला श्वास धरून ठेवते.

आत संयोगिता साखरला बसायला शिकवत असते. बस म्हणते, साखर उभीच राहते, आणि दोघी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.